बिनभाताची सून

माधवी दहावीत होती तेव्हा एकाएकी वाळायला लागली. कितीही पाणी प्यायली तरी घसा कोरडाच. अंगावरचे कपडे ढगळ झाले. एक दिवस वर्गात बाकावरच तिनं मान टाकली, तेव्हा तिचे वडील, लटारू खोब्रागडे, तिला नागपूरला घेऊन गेले. लटारू चंद्रपूरच्या एका कोळसा खाणीत पंप चालवायचे. डॉक्टरांपुढं बोलायची त्यांना सवय नव्हती. सांगितलं ते त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. पोरीला शुगर आहे, ती जायची नाही, सकाळ-संध्याकाळ सुई घ्यावी लागेल, जन्मभर. गोड बंद, आलू बंद, पोहे-मुरमुरे बंद, भात अगदी कमी.

"अगदी कमी म्हन्जे किती जी?" बरोबर आलेल्या माधवीच्या आईनं, शकुबाईनं विचारलं.

"जितका कमी खाईल तितकी सुई कमी लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण सुई सुटायची नाही. भात सोडला म्हणून सुई सोडली, तर पोरगी हातची जाईल."

शकुबाईचं माहेर नागभीडकडचं, धानाच्या मुलखातलं. तिच्या माहेरी सकाळी भात, दुपारी भात, रात्री उरलेला भात. पाहुणा आला तर अर्ध्या वाटेवर जाऊन 'भात खाऊनच जा' म्हणायचं. त्या बाईला आता वाढत्या वयाच्या पोरीचं पोट भाताशिवाय भरायचं होतं. घरी आल्यावर तिनं लुगड्याचा पदर खोचला आणि उखळ धुऊन काढलं.

मसाला हा शकुबाईचा हातखंडा. भिवापुरी मिरची, धने, सुकं खोबरं, दगडफूल, कलमी म्हणजे दालचिनी, खसखस, एकेक जिन्नस वेगळा भाजून, निववून, मग कुटायचा. हा काळा मसाला ती आधीपासून करायची. आता तिनं एक दुसरा, कोरडा मसाला बसवला. लसूण उन्हात वाळवून घेतला, त्यात जवस, तीळ, जिरं, आमचूर आणि जराशी मिरची. उकडलेल्या अंड्यावर हा भुरभुरायचा, भाजलेल्या सुक्या झिंग्यांवर भुरभुरायचा. शाळेच्या डब्यासाठी तिनं पोह्यांशिवायचा चिवडा काढला. शेंगदाणे, कोहळ्याच्या बिया, खोबऱ्याचे काप, जवस, सगळं कढीपत्त्याच्या फोडणीत परतायचं आणि वरून तो मसाला. वांग्याची भाजी, वास्त्यांची म्हणजे कोवळ्या बांबूच्या कोंबांची भाजी, मासोळीचा रस्सा. भाताबरोबर कालवायचे ते पदार्थ नुसते खावेसे वाटले पाहिजेत, हे तिनं मनाशी धरलं होतं. पोरीनं ताट रिकामं केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी शकुबाई परीक्षानळीत निळं औषध घालून त्यात लघवीचे थेंब टाकायची आणि स्टोव्हवर उकळायची. निळं निळंच राहिलं की तिचा दिवस चांगला जायचा. विटेसारखं लाल झालं, म्हणजे साखर वाढली, की ती दिवसभर कोणाशी धड बोलायची नाही.

अशी माधवी मोठी झाली, बी. ए. झाली. अंगापिंडानं बरी, चेहऱ्यावर तेज. आईचा हात तिच्या हातात उतरला होता. कोणी सांगितलं नसतं तर तिला काही दुखणं आहे हे कोणाला कळलं नसतं.

पण खोब्रागड्यांनी सांगितलं. पहिलं स्थळ आलं, लटारूंनी चहाच्या आधीच सगळं सांगून टाकलं. पाहुण्यांनी चहा घेतला, 'कळवतो' म्हणाले, आणि कळवलं नाही. दुसऱ्या वेळी पोराच्या मामानं तोंडावरच म्हटलं, "दुखणाईत पोरगी आमच्या गळ्यात काऊन बांधता भाऊ?"

त्या दिवशी शकुबाईनं पाहुण्यांच्या कपबश्या आपटत विसळल्या. "आता सांगाचं नाई," ती म्हणाली.

"लपवून केलेलं लगन टिकते का वो?" लटारू म्हणाले.

"सांगून होतच नाई, तं टिकाचा सवाल कुठी येते?"

माधवी आतल्या खोलीत होती. तिनं दोघांचंही ऐकलं आणि तिला दोघांचंही खरं वाटलं.

तिसरं स्थळ प्रफुल रामटेक्यांचं. एटापल्लीजवळच्या एका आश्रमशाळेत शिक्षक, एटापल्लीतच भाड्याचं घर, घरात विधवा आई, रुखमा. बाप लहानपणीच गेलेला. दुसऱ्यांच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवणं करून रुखमानं त्याला डी. एड. केलं होतं. प्रफुल बोलायला मऊ, पुस्तकं वाचणारा. माधवी त्याला आवडली हे त्यानं लपवलं नाही. या वेळी लटारूंनी शुगरचा विषय काढला नाही. सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात विहारात लग्न लागलं. निघताना शकुबाईनं माधवीच्या कानाशी लागून सांगितलं, "जीव लागू दे त्याचा. मंग तूच सांगशील. तोवर मी आहो."

एटापल्लीत सुई मिळण्याची सोय नव्हती, आणि असती तरी माधवी ती उघडपणे घेऊ शकली नसती. शकुबाईनं त्याचाही विचार करून ठेवला होता. त्यांच्या गल्लीतला पत्रू एसटीत कंडक्टर होता, त्याची ड्यूटी एटापल्लीच्या गाडीवर असायची. दर महिन्याला शकुबाई मोठ्या डब्यात काळा मसाला भरायची आणि त्याच्या पोटात, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, इन्शुलिनच्या बाटल्या आणि सुया पुरायची. पत्रूला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लेकीला माहेरचा मसाला लागतो, एवढंच तो जाणून होता. माधवी स्टँडवर जाऊन डबा उतरवून घ्यायची. चालू बाटली न्हाणीतल्या रांजणाखाली ओल्या रेतीत असायची, बाकीच्या मसाल्यातच. न्हाणी परसात, बांबूच्या ताट्यांची. सकाळी पाणी तापवायच्या निमित्तानं एक सुई, संध्याकाळी हातपाय धुवायच्या निमित्तानं एक. निळं औषध आणि परीक्षानळी तिनं आणली नव्हती. ती कुठं उकळणार होती? तोंडाला कोरड पडली की शुगर वाढली, हातपाय कापले, घाम फुटला की उतरली, एवढ्या अंदाजावर ती चालायची.

राहिला भात. नव्या सुनेनं भात खायचा नाही म्हणजे सासूच्या डोळ्यांत येणारच.

"काऊन वो, एवढुसाच घेतला?" पहिल्याच दिवशी रुखमानं विचारलं.

"भातानं माहं पोट फुगते, आई."

"भातानं पोट फुगलेलं मानूस मी नाई पाह्यलं," रुखमा म्हणाली. पण नवी नवरी म्हणून तिनं रेटलं नाही.

माधवीनं मग स्वयंपाकघरच हातात घेतलं. भाताकडं कोणाचं लक्षच जाऊ नये असं रांधायचं तिनं ठरवलं. तळ्यातली मासोळी काळ्या मसाल्यात, अंड्याचं घट्ट कालवण, मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी शेंगदाण्याचं कूट घालून, सुके झिंगे आणि वांगी. प्रफुल शाळेतून आला की त्याच्यापुढं वाटीभर चिवडा. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा त्यानं वाटी वरखाली करून पाहिली.

"यात पोहे कुठी आहेत?"

"नाईत."

"मंग चिवडा कसा म्हणाचा याले?"

"आवडला का नाई ते सांगा."

त्यानं वाटी पुढं केली. दुसऱ्या दिवशी तो पुडी बांधून शाळेत घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी शिक्षकांच्या बायका डबा घेऊन दारात. रुखमाला सुनेचं कौतुक झाकता येईना. विहिरीवर ती बायकांना सांगायची, "माही बिनभाताची सून. सोता भात खात नाई अन् आमचाबी सुटाले लागला. रस्साच वाटीवाटीनं पेऊन राह्यलो आमी." मसाल्याच्या डब्याला ती हात लावायची नाही. सुनेच्या माहेरची चीज, सुनेच्याच हातानं निघू दे, असं तिचं म्हणणं.

ते दोन-तीन महिने माधवीच्या आयुष्यातले बरे दिवस होते. सासू तिच्या केसांना तेल लावायची. प्रफुल संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचा. जीव लागला होता, आता सांगावं, असं तिच्या मनानं घेतलं.

एका रविवारी ती दोघं बाजार करून येत होती. वाटेत नाल्याच्या पुलावर सावलीला टेकली. माधवीनं पिशवीतून चिवड्याची पुडी काढली. मनात वाक्य जुळवत होती, तोच प्रफुल म्हणाला, "आमच्या लच्छू सरांचं कळलं का तुले? बायकोले मिर्गी आहे, फिट येते. लग्नात लपवली तिच्या माय-बापानं. काल पोचवून दिली माहेरी."

"दुखणं का तिनं मागून आणलं होतं?" माधवीनं विचारलं.

"दुखण्याचं नाई गं. दुखणं कोणालेही येते. पण लोक फसवतात त्याचं काय? रोज बाजूले बसून जेवते ते बाई, अन् पोटात एवढं लपवते. पुढं तिच्या कोणत्या गोष्टीवर भरोसा ठेवाचा मानसानं?"

तो रागानं बोलत नव्हता. वर्गात गणित समजावून सांगावं तसं सांगत होता. म्हणूनच माधवीनं जुळवलेलं वाक्य मनातच ठेवलं. तिनं पुडी त्याच्या हातात दिली.

मार्चमध्ये तिला दिवस गेल्याचं कळलं.

रुखमानं आनंदानं शेजारी गूळ वाटला. आणि त्या दिवसापासून तिचं रेटणं सुरू झालं. आजवर सुनेचं ऐकलं, आता पोटातल्याचं ऐकायचं होतं. "पोट फुगते तं फुगू दे. लेकराले भात पायजे." ती ताटासमोर बसून राहायची. माधवीच्या ताटात वाफाळता भात, वरून वरण, नंतर तांदळाची खीर. नाही म्हणायला तोंड नव्हतं. माधवी खायची. मग परसात जाऊन सुई जास्त भरून घ्यायची. कधी जास्तीच भरली जायची आणि ती चुलीपुढं घामाघूम होऊन बसायची; रुखमा घाबरून साखरपाणी पाजायची आणि म्हणायची, "अशक्तपना आला. म्हनून तं खा म्हनतो."

बाटल्या भराभर संपायला लागल्या. माधवीनं पत्रूजवळ निरोप दिला, "आईले सांगा, मसाला सरला. लवकर पाठव म्हणा."

पत्रू हसला. "एवढ्या लवकर? सासरचे लोक मसाला पेतात का वो बाई?"

मे महिन्यात डबा आला. गाडीत लग्नाची गर्दी होती, म्हणून पत्रूनं तो ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवला होता. चंद्रपूरपासून एटापल्लीपर्यंत, उन्हाचा अख्खा दिवस. माधवीनं डबा हातात घेतला आणि चटका बसून पदरात धरला. घरी येऊन तिनं मसाल्यात हात घातला, तर मसालाही आतपर्यंत गरम. बाटली उजेडात धरली. एरवी हलवली की दुधासारखं एकसारखं दिसणारं औषध फाटलं होतं, काचेला आतून पांढरे खवले चिकटले होते.

दुसरं काही जवळ नव्हतं. तिनं तीच सुई घेतली. मग दुप्पट घेतली. तोंडाची कोरड जाईना. रांजण रिकामा व्हायला लागला.

"मी आईकडं जाऊन येऊ का?" तिनं प्रफुलला विचारलं.

"या उन्हात? अन् आष्टीपुढचा रस्ता कसा आहे, माहीत आहे ना तुले? शाळेचे निकाल लागू दे, मीच नेऊन देतो."

त्यात चुकीचं काही नव्हतं. एक दिवस हिंमत करून ती सरकारी दवाखान्यापर्यंत गेली. फाटकात कंपाउंडर भेटला, नमस्कार करून म्हणाला, "या वैनी. सरांनी दिली खबर, पेढे कवा?" माधवी हसली, सहज इकडून चालले होते म्हणाली आणि तिथूनच परतली. पुढं किती वर्षं ती मनातल्या मनात त्या फाटकातून पुन्हा पुन्हा परतत राहिली.

त्याच आठवड्यात, दुपारची वेळ होती. माधवी आत पडून होती. तिला उठवत नव्हतं. कोणीतरी ताजी मासोळी आणून दिली होती. सुनेला दोन दिवस जेवण गेलं नाही, आज तिच्याच चवीचं करून घालू, असं रुखमाच्या मनात आलं. तिनं पहिल्यांदाच तो डबा उघडला. वरचा मसाला उन्हानं विरस वाटला, म्हणून तिनं खालचा घेण्यासाठी हात खोल घातला.

तिनं मासोळी रांधली. सुनेला उठवून बसवलं, घास घेताना पाहिलं. ताट बाजूला झाल्यावर तिनं मसाल्यानं माखलेलं पुडकं जमिनीवर ठेवलं.

"हे का होय?"

माधवीनं पाहिलं आणि तिचे हात मांडीवर पडले.

"औषध आहे, आई."

"कशाचं?" रुखमानं विचारलं. "पोट पाडाचं होय का? खरं सांग. तुले नोको आहे का हे लेकरू?"

"नाई वो आई. नाई!" माधवी रडायला लागली. "मले शुगर आहे."

"शुगर म्हातारपनी येते."

"मले दहावीत आली. दोन टाइम सुई घेतो मी. भातानं वाढते. म्हणून खात नव्हतो."

रुखमानं मासोळीचं ताट आणखी दूर सारलं. मग म्हणाली, "मी तुले खीर खाऊ घातली." आणि पुन्हा, स्वतःशीच, "रोज खीर खाऊ घातली मी."

"तुमाले माहीत नव्हतं."

"तुले तं माहीत होतं."

प्रफुल आला तेव्हा पुडकं तिथंच होतं. त्यानं बाटली पुसून इंग्रजी अक्षरं वाचली. चिडला नाही, ओरडला नाही. बूट काढायचे राहिले होते, तसाच उंबऱ्यावर बसला.

"तुह्या माय-बापाले माहीत होतं?"

"होतं."

"अन् पत्रू कंडक्टरले?"

"नाई. तो मसालाच समजून आणे."

"म्हणजे तो अन् मी सारखेच," प्रफुल म्हणाला.

"त्या दिवशी पुलावर मी सांगणारच होतो."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

लच्छू सरांचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते नाव घेतलं असतं तर दोष प्रफुलच्या माथी गेला असता, आणि तो तसा माणूस नव्हता. ती गप्प राहिली. गप्प राहिली हेही त्यानं मनात धरलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा श्वास खोल खोल चालायला लागला. तोंडाला कुजक्या फळासारखा वास. हाक मारली तर डोळे उघडेनात. प्रफुलनं धावपळ करून जीप आणली, तिचं डोकं मांडीवर घेऊन अहेरीपर्यंत, तिथून सलाईन लावून चंद्रपूरपर्यंत बसून राहिला. रुखमा मागं बसून तिचे तळपाय चोळत होती. माधवी वाचली. पोटातलं लेकरू गेलं. मुलगा होता, असं नर्स शकुबाईला म्हणाली. शकुबाईनं ते लेकीला कधी सांगितलं नाही.

दवाखान्यात असेतो प्रफुल रोज यायचा. औषधं आणायचा, डॉक्टरांशी बोलायचा, तिच्या उशाशी बसायचा. फक्त तिच्याकडं पाहायचा नाही. सुटी झाल्यावर तो तिला आईवडिलांच्या घरी घेऊन आला. "पावसाळा सरेतोवर इथंच राह्य," म्हणाला. "तिकडं सुई मिळत नाई."

"पाह्यजे तं बदली मागता येते," माधवी म्हणाली.

"पाहू."

तिला कळलं. त्यालाही कळलं की तिला कळलं आहे.

पावसाळा सरला, दिवाळी गेली. माधवीला कधी नेता, हे विचारायला लटारू एटापल्लीला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा पायरीवर बसून वहाणा काढता काढता म्हणाले, "मानूस चांगला आहे. मले उन्हात पाहून धावत आला. जेवू घातलं, झोपाले खाट देली. त्याच्या मायनं पाय धुवाले गरम पाणी देलं. अन् नाई म्हनाला." मग म्हणाले, "भांडला असता तं मीबी भांडलो असतो."

शकुबाई पुन्हा उखळाशी बसली. पुन्हा अंडी, चिवडा, झिंगे, नुसता रस्सा. सकाळी परीक्षानळी. माधवी पुढ्यात येईल ते खायची. मसाला कमी-जास्त झाला तर तिला कळायचं, पण ती बोलायची नाही. सगळं पथ्य पाळूनही पुसलेल्या फळ्यावरची अक्षरं दिसावीत तशी पेपरातली अक्षरं फिकट दिसायला लागली. डॉक्टरांनी डोळ्यांत दिवा धरून पाहिलं आणि म्हणाले, त्या दीड-दोन महिन्यांत शुगरनं फार नुकसान केलं, आता जेवढं आहे तेवढं सांभाळा.

मग एक दिवस, चांगलं वर्ष उलटल्यावर, सोडचिठ्ठीचे कागद झाल्यावर, रुखमा आली. पत्रूच्याच गाडीनं, एकटी. हातात माधवीची लोखंडी पेटी. कपडे, दागिने, बी. ए. ची सर्टिफिकिटं, सगळं नीट घडी घालून आणलं होतं. शकुबाईनं तिला पाणी दिलं. कोणी कोणाला वाकडं बोललं नाही.

"पोराचं लगन ठरलं," रुखमा जमिनीकडं पाहत म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडून कळाले नोको, म्हनून मीच आलो."

माधवीनं मान हलवली.

"लई जीव होता वो त्याचा तुह्यावर. अजूनबी तुहं नाव काढलं तं उठून जाते. आधी सांगितलं असतं माधवी, तं..."

"तं का झालं असतं, आई?" माधवीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं. "चहाच्या आधी सांगितलं असतं की पोरीले शुगर आहे, जन्मभर सुई आहे, तं केली असती का तुमी सून मले?"

रुखमानं वर पाहिलं. डोळे भरून आले, तशीच ती म्हणाली, "नाई. तुह्यासंग खोटं काऊन बोलू? नाई केली असती."

"मंग आमी का करावं होतं?" शकुबाईनं दाराच्या चौकटीला टेकून विचारलं. इतकी वर्षं तिला हे कोणाला तरी विचारायचं होतं.

"मले नाई माहीत बाई," रुखमा म्हणाली. "माही लेक असती तं मीबी लपवलं असतं."

बाहेर गल्लीत कोणाची तरी सायकल पडली, पोरं हसली. थोड्या वेळानं शकुबाई उठली, चहा टाकला. रुखमानं चहा घेतला आणि परतीची गाडी आहे म्हणून निघाली. माधवी तिला स्टँडपर्यंत पोचवायला गेली. रस्ता ओलांडताना रुखमानं तिचा हात धरला, कारण समोरून येणारा ट्रक माधवीला उशिरा दिसला होता. डोळ्यांचं रुखमाच्या लक्षात आलं. खिडकीतून एवढंच म्हणाली, "जेवत जाय वेळेवर." गाडी सुटली.

त्यानंतर दोन वर्षांनी ब्रह्मपुरीकडच्या एका बिजवराचं स्थळ आलं. वयानं मोठा, दोन लेकरं. या वेळी सांगायचं की नाही, हे लटारूंनी विचारलंही नाही. शकुबाईनं स्वतःच शुगरचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, गेलेल्या लेकराचंही सांगितलं. पाहुणे भले होते. खाली मान घालून ऐकलं, चिवडा खाल्ला, चांगला झाला म्हणाले. कळवतो म्हणाले.

माधवी आत बसून तूर निवडत होती. डोळ्यांना खडे दिसायचे नाहीत, म्हणून ती बोटांनी चाचपून काढायची. आई आत आली तेव्हा तिनं विचारलं, "गेले का?"

"गेले."

"संध्याकाळी का करू जेवाले?" शकुबाईनं विचारलं.

"काहीबी कर," माधवी म्हणाली, आणि सूप जवळ ओढलं.